रडू न लपवणारे गुरुजी

स्मरणिकेत प्रत्येकानं काहीतरी लिहावं, असं समितीनं ठरवलं. पाणी, बोअर, रस्ते, प्लॉटची मोजणी आणि एनएची ती न संपणारी फाईल यांवर लिहिणारे आपल्या सोसायटीत पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. शनिवारच्या गोष्टीच्या तासाचं काम माझ्याकडे असल्यामुळं मला लेकरांविषयी लिहायला सांगितलं. घरातल्या लेकरांच्या मनाविषयी लिहायचं म्हटलं की मला साने गुरुजींखेरीज दुसरं नाव सुचत नाही. नाव सगळ्यांना माहीत आहे, 'श्यामची आई' घराघरांत आहे, पण त्या माणसाचं आयुष्य कसं गेलं हे क्रमानं सांगा म्हटलं तर भले भले अडखळतात. म्हणून तेच सांगतो.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. गाव पालगड, रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ. वडील सदाशिवराव गावचे खोत, आई यशोदाबाई. खोत म्हणजे कोकणात गावचा सारा वसूल करणारा मानकरी. आपल्याकडच्या देशमुख-पाटलाच्या जवळपासचं प्रकरण. पण पांडुरंग कळता होईपर्यंत त्या मानातलं फक्त नाव शिल्लक होतं. भाऊबंदकी, कोर्टकचेऱ्या आणि कर्ज यांत घर उतरणीला लागलं. राहतं घर सुटलं आणि कुटुंब लहानशा झोपडीवजा घरात राहायला गेलं. सावकाराचा माणूस दारात येऊन बसे, नको ते बोले, आई आतून ऐकत राही.

हे मी मुद्दाम आधी सांगतो आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला हे चित्र कोकणातलं वाटतच नाही. पावसानं दगा दिला, खव्याचा भाव पडला, बँकेचा हप्ता थकला की भूम तालुक्यातल्या कुठल्याही गावात हेच घर दिसतं. आपल्यापैकी बहुतेक जण त्याच गावांतून इथं प्लॉट घेऊन आलो. मोठी माणसं समजतात की लेकरांना यातलं काही कळत नाही. लेकरांना सगळं कळतं. त्यांना आकडा कळत नाही एवढंच. बाप जेवताना गप्प का, आईचे डोळे चुलीच्या धुरानं लाल की दुसऱ्या कशानं, हे चार वर्षांचं पोरही ओळखतं. फक्त त्याला ते कुणी शब्दांत सांगत नाही, म्हणून ते आपल्या मनानं काहीतरी ठरवून टाकतं. बहुतेक वेळा हेच, की आपलंच काहीतरी चुकलं असेल.

पांडुरंगाच्या बाबतीत फरक पडला तो आईमुळं. यशोदाबाई फार शिकलेल्या नव्हत्या. मानसशास्त्र वगैरे शब्द त्यांच्या कानावर जाण्याचं कारण नव्हतं. पण लेकराच्या मनात काय चाललंय ते हेरायचं आणि त्याच्याशी त्यावर बोलायचं, हे त्यांना उपजत येत होतं. 'श्यामची आई' मधल्या ज्या गोष्टी आपण शाळेत परीक्षेपुरत्या वाचल्या त्या याच बालपणातल्या आहेत. त्या पुन्हा एकदा आईबापाच्या नजरेनं वाचून बघा. मला तरी त्या पन्नाशी ओलांडल्यावर वेगळ्या दिसल्या.

पोहण्याची गोष्ट घ्या. श्याम पाण्याला भितो. बरोबरीची मुलं विहिरीत उड्या मारतात आणि हा घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीनं मारते आणि पोहायला पाठवते. इथपर्यंत वाचून आजच्या आया नाराज होतात, आणि त्यांचं बरोबर आहे. मारून भीती जात नाही, हे मी शाळेत तीस वर्षं बघितलंय. त्या काळचं ते वळण होतं, त्याची आरती करायचं कारण नाही. पण लोक गोष्टीचा पुढचा भाग विसरतात. श्याम पोहून परत येतो, तो आईवर रुसलेला असतो. आई त्याचा रुसवा चालू देते. मग त्याला आवडतं म्हणून दही देते, जवळ घेते आणि आपण का मारलं ते सांगते. माझ्या पोराला उद्या लोकांनी भित्रा म्हणून हिणवलेलं मला सोसलं नसतं, असा तिच्या सांगण्याचा भाव. म्हणजे तिनं स्वतःच्या मनातलं दुखणं पोरापुढं उघड केलं. ज्या घरात मोठं माणूस आपल्या मनातलं सांगतं, तिथंच लहानाला आपलं सांगता येतं. मार विसरला जाऊ शकतो. हे सांगणं मात्र गुरुजींना जन्मभर आठवलं.

दुसरी गोष्ट पायांची. अंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागते म्हणून श्याम हट्ट धरतो, आईनं धोंड्यावर आपलं ओचं पसरावं, मी त्यावर पाय टिपून देवाकडं जाईन. आई तसं करते. वर पायांसारखंच मनही स्वच्छ ठेवायला सांगते. आपण मुलांना हे शेवटचं वाक्य पाठ करायला लावतो आणि खरी गंमत हातातून घालवतो. गंमत ही की पोराचा तो विचित्र हट्ट आईनं वेडगळ ठरवला नाही. आधी पुरवला, मग त्याच धाग्यानं पुढं नेला. आपण याच्या उलट करतो. लेकरू काही सांगायला आलं की आधी त्याला गप्प करतो आणि मग उपदेश देतो.

तिसरी मला सगळ्यात आवडणारी, अळणी भाजीची. घरात भाजीत मीठ घालायचं राहून जातं. वडील काही न बोलता जेवून उठतात, मुलंही त्यांच्याकडं बघून गप्प जेवतात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळतं आणि तिला वाईट वाटतं. वडिलांनी का सांगितलं नाही, तर राबून केलेल्या बाईचं मन दुखवायचं नव्हतं म्हणून. बापाच्या मनातलं प्रेम मुलांनी त्या दिवशी ताटावर बघितलं. आपल्याकडचे बाप बोलत नाहीत अशी तक्रार मी बायामाणसांकडून नेहमी ऐकतो. खरं आहे. पण न बोलण्यातही दोन जाती असतात. एक गप्प राहून जपणारा आणि एक गप्प राहून धाक घालणारा. लेकरांना दोन्हींतला फरक बरोबर कळतो.

पांडुरंगाचं शिक्षण एका ठिकाणी झालं नाही. पालगड, मग दापोलीची मिशन शाळा, मग औंध, मग पुणे. परिस्थिती नसलेल्या मुलाचं शिक्षण असंच होतं. कुठं वारावर जेवायचं, कुठं हातानं शिजवायचं. दापोलीला असताना खाऊचे पैसे साठवून त्यानं धाकट्या भावासाठी कोट शिवून नेला, ही गोष्टही पुस्तकात आहे. पुण्याला शिकत असतानाच १९१७ साली आई गेली. अखेरच्या वेळी मुलगा जवळ नव्हता. ही बोच त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. पुढं त्यांनी जे जे केलं, त्यात ही न झालेली भेट कुठंतरी आहे, असं मला वाटतं. १९२२ ला ते बीए झाले, १९२४ ला एमए. विषय साहित्य-तत्त्वज्ञानाकडचे.

तिथून ते खानदेशात अमळनेरला गेले. आधी तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात आणि मग शाळेत शिक्षक, म्हणजे आजचं प्रताप हायस्कूल. १९२४ ते १९३०, अवघी सहा वर्षं. पण गुरुजी हे नाव त्यांना मिळालं ते याच सहा वर्षांत, आणि ते इतकं चिकटलं की पांडुरंग म्हटलेलं कुणाच्या लक्षात येत नाही.

शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडं आली. वसतिगृह म्हणजे काय असतं ते आपल्यातले जे बोर्डिंगात शिकले त्यांना सांगायला नको. दहा-बारा वर्षांचं पोर गावाकडून पेटी घेऊन येतं, दिवसा हसतं-खेळतं आणि दिवा मालवला की उशीत तोंड खुपसतं. नव्या गुरुजींनी काय केलं, तर मुलं शाळेत गेल्यावर त्यांच्या खोल्या झाडल्या, अंथरुणं घड्या घालून ठेवली, कंदिलाच्या काचा पुसल्या. मुलांना आधी संकोच झाला, मग लाज वाटली, मग ती आपोआप आपली कामं करू लागली. ओरडून न सांगता वळण लागलं. कुणी आजारी पडलं की रात्रभर उशाशी बसणारा माणूस हाच. आई घरी जे करायची ते त्यांनी बोर्डिंगात केलं, इतकं ते सरळ आहे.

दुसरं एक काम त्यांनी केलं त्याचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून रोजचं एक पत्रक काढू लागले, नाव 'छात्रालय'. रोजच्या घडामोडी, चार चांगल्या गोष्टी, एखादं कौतुक, एखादी कानउघाडणी, सगळं त्यात. समोर बोलावून सांगितलं तर मुलाची मान खाली जाते. भिंतीवरच्या कागदावर वाचलं तर ते स्वतःशीच विचार करतं. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' नावाचं मासिक सुरू केलं. त्याच सुमारास तिकडं पोलंडमध्ये यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर अनाथ मुलांचं घर चालवत होते आणि १९२६ पासून मुलांनीच लिहिलेलं वर्तमानपत्र काढत होते. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं असेल असं वाटत नाही. मुलाला मनातलं लिहायला जागा पाहिजे, हे मात्र दोघांनाही एकाच वेळी उमगलं. कोर्चाक १९४२ साली त्या मुलांबरोबरच नाझींच्या छळछावणीत मारले गेले. त्याच्या थोडं आधी त्यांनी मुलांकडून रवींद्रनाथांचं 'डाकघर' नाटक बसवून घेतलं होतं. हे विषयाला सोडून झालं, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

१९३० ला मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि गुरुजींनी नोकरी सोडली. तिथून तुरुंग सुरू झाले, धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर जी प्रवचनं दिली, ती उतरून घेणारा हात साने गुरुजींचा. आज ते पुस्तक आपल्या हातात आहे ते त्यामुळं. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडच्या कैद्यांत राहून ते तमिळ शिकले, आणि सगळ्या प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात हे आंतरभारतीचं वेड तिथूनच लागलं.

आणि नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत, नऊ तारखेपासून तेरा तारखेपर्यंत, पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढली. नंतर बाहेर आल्यावर त्यात थोडी भर घातली. पुस्तक १९३५ ला छापलं गेलं. छापील पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. प्रकरणांना धडे किंवा भाग म्हटलेलं नाही, रात्री म्हटलंय, हे ध्यानात घ्या. आश्रमात जेवणं-प्रार्थना झाली की श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, रोज एक. सांगता सांगता त्याचा गळा भरून येतो, ऐकणाऱ्यांचेही डोळे भरतात, मग सगळे उठून झोपायला जातात. एवढाच पुस्तकाचा सांगाडा आहे. पण घरासाठी मला तोच सगळ्यात कामाचा वाटतो. रात्रीची वेळ, अंधार थोडा, कुणाच्या तोंडाकडं थेट बघायचं नाही, एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायचं. दिवसा विचारलं तर काही नाही म्हणणारं पोर अशा वेळी आपोआप बोलतं.

आपल्या भागात १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नवा मास्तर होतो. आपलं भूम मध्यापासून लांब, तरी कित्येक रात्री माणसं अंगणात झोपली. शाळेतली लेकरं तेव्हा खडू-डस्टरची घरं करून बाक हलवायची आणि घरं पाडायची. कुणी शिकवलं नव्हतं. मोठ्यांना ते बघवायचं नाही, अभद्र वाटायचं, ते लेकरांना दटावायचे. पण पोरं भीतीशीच खेळत होती. जी पोरं असं खेळली, रडली, रात्री आजीच्या कुशीत शिरून शंभरदा तेच तेच विचारत राहिली, ती लवकर सावरली. जी नुसतीच शहाण्यासारखी बसून राहिली त्यांची काळजी मला जास्त वाटायची. साने गुरुजींच्या पुस्तकाला रडकं म्हणणारे पुष्कळ आहेत, तेव्हाही होते, आताही आहेत. नव्या पिढीला ते जड जातं, हे मलाही मान्य आहे; काही ठिकाणी आईचा त्याग इतका उंच चढवलाय की आजच्या बाईला तो ओझं वाटावा. पण रडकं म्हणून ज्याची चेष्टा करतो, त्याच पुस्तकानं मराठी घरातल्या मुलग्याला चारचौघांत डोळे पुसायची परवानगी दिली. आपल्याकडं मुलगा रडला की त्याला पोरीची उपमा देतात. त्यात मुलाचाही अपमान आणि पोरीचाही.

पुढचं आयुष्य मी थोडक्यात सांगतो, कारण ते इतिहासाच्या पुस्तकांत आहे. १९३६ चं फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन, खानदेशातल्या शेतकरी-कामगारांत काम, पुन्हा पुन्हा तुरुंगवास, बेचाळीसचं भूमिगत आंदोलन. मग पंढरपूर. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या बांधवांना बंद होतं. त्यासाठी गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मनं वळवली आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी ते सुटलं आणि मंदिराची दारं उघडली. आपल्यातले जे वारीला जातात त्यांनी नामदेव पायरीपाशी क्षणभर याची आठवण करावी. ज्या माणसाला एकट्या लेकराचं रुसणं कळत होतं, त्यालाच दाराबाहेर उभ्या केलेल्या माणसाचं दुखणं कळलं. ही दोन कामं वेगळी नाहीत.

१९४८ च्या जानेवारीत गांधीजींचा खून झाला, गुरुजी मुळापासून हादरले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी 'साधना' साप्ताहिक काढलं. ते आजही पुण्याहून निघतं. (तेव्हा आपल्याकडं अजून निजामाचं राज्य होतं; आपण मोकळे झालो ते महिन्याभरानं, १७ सप्टेंबरला.) लिहिणं अखंड चालू होतं, गोष्टी, कादंबऱ्या, चरित्रं, अनुवाद. पण मन थकत गेलं होतं. स्वातंत्र्य मिळालं तरी माणसं तशीच राहिली, द्वेष कमी झाला नाही, हे त्यांना सोसेना. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच्या हातानं आपलं जीवन संपवलं. वय पन्नास.

हे वाक्य लिहिताना मी थांबलो होतो. स्मरणिकेत, रौप्यमहोत्सवात हे कशाला, असं कुणालाही वाटेल. बहुतेक भाषणांत गुरुजींचं निधन झालं एवढंच म्हणून पुढं जातात. मीही जात होतो. पण दोन वर्षांपूर्वी आपल्या गोष्टीच्या तासाला सातवीतल्या एका पोरानं मला सरळ विचारलं की गुरुजी कशानं वारले. समोर वीस-बावीस लेकरं बसलेली, मागं कट्ट्यावर तीन-चार आजोबा. त्या पोराच्या गावाकडच्या घरात काय होऊन गेलंय ते मला ठाऊक होतं आणि त्याला माहीत होतं की मला ठाऊक आहे. त्याच्या घरात त्या गोष्टीविषयी कुणी चकार शब्द काढत नव्हतं. काका देवाघरी गेला, विषय संपला. लेकरांनी शाळेत ऐकलेलं वेगळंच होतं.

मी खरं सांगितलं. लेकरांना झेपेल अशा शब्दांत, कसं ते न सांगता. सांगितलं की गुरुजींचं मन फार आजारी झालं होतं. ताप अंगाला येतो तसा मनालाही येतो. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांची दुखणी ऐकली, स्वतःचं दुखणं मात्र पुरेसं कुणापाशी ठेवता आलं नाही, आणि त्या काळी मनाच्या डॉक्टरकडं जायची वाटही आजच्यासारखी मोकळी नव्हती. त्यात ना त्यांचा दोष, ना त्यांच्या जवळच्या माणसांचा. त्या पोरानं मान हलवली. रडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई आमच्या घरी आली, माझ्या मंडळींपाशी तासभर बसली. ती काय बोलली ते मी विचारलं नाही. पुढच्या शनिवारी ते पोर पहिल्या रांगेत येऊन बसलं.

कट्ट्यावरच्या आजोबांपैकी एकाला माझं सांगणं पटलं नव्हतं. लेकरांपुढं असलं बोलू नये, त्यांच्या डोक्यात नको ते शिरतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा, मी वाद घातला नाही. पण माझं मत बदललेलं नाही. डोक्यात ते आधीच शिरलेलं असतं. आपण बोललो नाही तर लेकरू त्याच्याबरोबर एकटं राहतं. आपला जिल्हा या बाबतीत महाराष्ट्रात कुठल्या यादीत आहे हे सगळ्यांना माहीत आहे. २०१५ ला सरकारनं बळीराजा चेतना अभियान सुरू करायला दोन जिल्हे निवडले, त्यात यवतमाळबरोबर आपलं नाव होतं. अशा जिल्ह्यात दुःखाचा विषय टाळून लेकरं वाढवणं परवडणारं नाही. आता १४४१६ हा सरकारी फोन नंबर आहे, टेली-मानस म्हणतात त्याला. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. मोठ्यांसाठीही आहे, पोरांसाठीही. सोसायटीच्या फलकावर पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी हा नंबर लिहायची मी समितीला विनंती केली होती आणि समितीनं तो लिहिलाय. पावसानं पुसट झालाय, तेवढा पुन्हा गिरवावा.

गुरुजींच्या माघारी त्यांच्या नावानं कथामाला सुरू झाली आणि गावोगावी लेकरांना गोष्टी सांगणारी माणसं तयार झाली. १९५३ ला आचार्य अत्र्यांनी 'श्यामची आई' चा चित्रपट काढला. वनमाला आई आणि माधव वझे श्याम. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णकमळ म्हणतात ते पदक त्याला १९५४ ला मिळालं, आणि तेव्हा तंबूत बसून तो बघितलेल्या बाया घरी येईपर्यंत पदरानं डोळे पुसत होत्या, असं आमची आई सांगायची.

आपला गोष्टीचा तास त्या कथामालेच्याच वळणावर चालतो, फक्त नाव दिलेलं नाही. शनिवारी संध्याकाळी, मारुतीची आरती झाली की, मोकळ्या प्लॉटवरच्या लिंबाखाली. अर्धा तास गोष्ट आणि मग ज्याला वाटेल त्यानं आठवड्यातलं एक सांगायचं, कशाचा राग आला, कशाची भीती वाटली, कशानं बरं वाटलं. सुरुवातीला सगळी लेकरं एकच सांगायची, बरं वाटलं, कारण मास्तरांना तेच आवडेल असं त्यांना वाटायचं. शब्दच नव्हते त्यांच्याकडं. राग, रुसवा, हेवा, लाज, धास्ती, हुरहूर, चुटपुट, आपल्या मराठीत केवढे शब्द आहेत, आणि लेकरांना येतात दोन, मूड आणि टेन्शन. मग मी गोष्टीतल्या माणसांना कसं वाटलं असेल ते विचारू लागलो. दुसऱ्याचं मन सांगणं सोपं जातं. तिथून पोरं हळूहळू स्वतःवर येतात. पहिलीतल्या एका पोरीनं सांगितलं, धाकटा भाऊ झाल्यापासून तिला आईचा हेवा वाटतो. हेवा आईचा नाही, भावाचा, हे तिला सांगायचं होतं, पण आम्ही कुणी हसलो नाही. तिच्या आईनं दुसऱ्या दिवसापासून शाळेत सोडायला स्वतः यायला सुरुवात केली. आणखी काही करावं लागलं नाही.

पालकांनी या तासाला यावं की नाही यावर मागच्या सर्वसाधारण सभेत चर्चा झाली. माझं म्हणणं, यावं, पण मागं बसावं आणि घरी गेल्यावर लेकरानं तिथं सांगितलेल्या गोष्टीवरून त्याला बोलू नये. एकदा बोललात की ते पुन्हा तोंड उघडणार नाही. बापमाणसांची संख्या अजून फार कमी आहे. खव्याच्या भट्ट्या, दुकान, शेताची फेरी, सगळं कळतं मला. तरी महिन्यातून एक शनिवार काढावा.

गुरुजींनी अखेरच्या काळात 'साधना' मधून आपल्या पुतणीला पत्रं लिहिली, ती 'सुंदर पत्रे' या नावानं पुस्तकात मिळतात. ज्या दिवसांत त्यांचं मन आतून खचत होतं, त्याच दिवसांतली ही पत्रं, आणि त्यांत पाऊस, फुलं, पाखरं, प्रवासात भेटलेली माणसं असं सगळं लेकराला सांगितलंय. ज्यांना 'श्यामची आई' जड वाटते त्यांनी इथून सुरुवात करावी. दोन्ही पुस्तकं सोसायटीच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात आहेत, रजिस्टरवर सही करून न्यावीत. 'श्यामची आई' च्या चार प्रती होत्या, त्यांतली एक मागच्या दिवाळीपासून परत आलेली नाही. कुणाच्या घरी असेल त्यांनी वाचून झाल्यावर आणून द्यावी. झाली नसेल तर राहू द्यावी.